गंजलेली कुऱ्हाड, नवा दांडा आणि अक्कलकोट रोडचे लोहारमामा : उन्हाळा काढून मग लिहितोय

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितोय. काम झालं गेल्या नवरात्रात, तेव्हाच फोटो टाकून पाच स्टार देऊन मोकळं होता आलं असतं, पण कुऱ्हाडीच्या दांड्याचं खरंखोटं सोलापुरात एप्रिल-मे काढल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात सगळेच दांडे घट्ट बसतात ओ, लाकूड फुगलेलं असतं. ४२-४३ डिग्रीचं ऊन महिनाभर खाल्लं की लाकूड आकसतं आणि कुऱ्हाड नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, खुळखुळ करायला लागते, आणि वर उचलल्यावर पातं निसटून मागच्या माणसावर गेलं तर काय होईल ते सांगायला नको. तर आता मे संपत आलाय, आठ महिने झाले, दांडा सूतभर पण हललेला नाही. म्हणून आता लिहितो.

कुऱ्हाड आमच्या आज्जांची. मोहोळ तालुक्यात शेत आहे, तिथल्या कडब्याच्या शेडमध्ये वळचणीला खोचलेली सापडली गेल्या मे महिन्यात साफसफाई करताना. दांड्याला वाळवी लागून नुसता भुसा उरलेला, आणि पात्यावर गंज असा की बोट फिरवलं की पापुद्रे निघायचे. धारेला दोन ठिकाणी दाते पडलेले. घरी सगळे म्हणाले भंगारात घाल, चार-पाचशेला नवीन मिळते. पण मी हातात धरून बघितली, नुसतं पातं किराणाच्या काट्यावर दीड किलोला थोडं कमी भरलं, आणि हल्लीच्या बाजारातल्या पत्र्यासारख्या कुऱ्हाडीत आणि हिच्यात फरक आहे हे हाताला लगेच कळलं. शिवाय आज्जांनी ह्याच कुऱ्हाडीनं आयुष्यभर बंबाचं लाकूड फोडलंय, ती भंगारात घालायला माझा हात धजावला नाही.

गंज मी घरीच काढला, ते सांगतो कारण खूप जण ह्यासाठी उगाच पैसे देतात नाहीतर चुकीचं काहीतरी करतात. साधं पांढरं व्हिनेगर, किराणात मिळतं ते, प्लॅस्टिकच्या डब्यात पातं पूर्ण बुडेल एवढं घेतलं आणि एक दिवस-एक रात्र ठेवून दिलं. बारीक बुडबुडे येत राहतात, पाणी काळपट होतं. बाहेर काढून तारेच्या ब्रशनं घासलं की गंज चिखलासारखा निघून येतो. मग खायचा सोडा घातलेल्या पाण्यात धुवायचं म्हणजे आंबटपणा मरतो, आणि लगेच, लगेच म्हणजे खरंच लगेच, फडक्यानं कोरडं करून उन्हात तापवून तेलाचा हात फिरवायचा. मी पहिल्यांदा चहा घेऊन येतो म्हणून ओलंच ठेवलं तर दहा-पंधरा मिनिटात परत तांबूस झालेलं. आणि फरशी धुवायचं अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, त्याची वाफ आजूबाजूच्या सगळ्या हत्यारांना गंज चढवते, शेजारच्या एकानं तसं करून पान्यांचा अख्खा सेट घालवला.

आणि व्हिनेगरमधून काढल्यावर जे दिसलं ते बघून मी अंगणातच बसून राहिलो थोडा वेळ. पातं दोन रंगाचं होतं. वरचं अंग फिकट राखाडी, आणि धारेकडचा दीड-दोन बोटं पट्टा जास्त गडद, मध्ये नागमोडी रेघ. म्हणजे अंग साध्या लोखंडाचं आणि धारेला वेगळं पोलाद, भट्टीत तापवून घणानं जोडलेलं. पोलाद महाग होतं तेव्हा लोहार असंच करायचे, जिथं काम आहे तिथंच पोलाद. गंजाखाली एवढी वर्षं ती रेघ झाकलेली होती आणि आम्ही ती भंगारात घालायला निघालेलो.

आता चूक. दाते काढून धार लावायला मी शहरातल्या एका मशीनवाल्याकडे दिली, नाव सांगत नाही, सुऱ्या-कात्र्यांना चांगली धार लावतात तिथं. त्यांनी पाच मिनिटात ग्राइंडरवर फिरवली, ठिणग्यांचा पाऊस, पाण्याचा थेंब नाही, चकाचक करून हातात दिली, पन्नास रुपये. घरी येऊन उन्हात धरली तर धारेच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा निळा डाग. मला तेव्हा तो डाग छान वाटला, पॉलिशसारखा. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या फांदीवर दोन घाव घातले आणि नेमका तोच कोपरा दुमडला. मोडला नाही, दुमडला, पत्र्यासारखा.

मग आमच्या शेताशेजारच्या काकांनी अक्कलकोट रोडच्या लोहारमामांचं सांगितलं. एमआयडीसीच्या अलीकडं आहे, पाटी नाही, नाव नाही, पत्र्याची शेड, बाहेर विळे खुरपी पारायांचा ढीग आणि एक मोडका कोळपा. आत गेलं की डोळ्याला दोन मिनिटं काही दिसत नाही एवढा अंधार. मला वाटलं लाइट नाही म्हणून. तसं नाहीये, ते मुद्दाम आहे, पुढं सांगतो.

मामांनी कुऱ्हाड हातात घेतली आणि पहिल्यांदा काय केलं तर नेढ्यातून आरपार बघितलं, मग ऐरणीवर टांगती धरून हातोडीची हलकी टिचकी मारून आवाज ऐकला, नेढ्याला कुठं चीर गेलीय का ते आवाजावरून कळतं म्हणे. मग निळ्या डागावर अंगठा ठेवला.

"कोणी फिरवलं ओ हे मशीनवर?"

मी सांगितलं.

"मालक, हे निळं दिसायलंय ना, तेवढं पोलाद मेलं. पाणी उतरलं त्याचं."

आणि लगेच दाखवलं पण. कानस घेऊन चांगल्या धारेवर फिरवली तर जेमतेम धरत होती, खरखर आवाज. निळ्या कोपऱ्यावर फिरवली तर गुळात जावी तशी गेली. मला शाळेत कोणी हे असं दाखवलं असतं तर धातूंचा धडा जन्मभर विसरलो नसतो. पोलाद ३०० डिग्रीच्या आसपास गेलं की निळं पडतं आणि धारेचा कडकपणा जातो, ग्राइंडरवर पातळ धारेला एवढं तापायला काही सेकंद पुरतात. म्हणून धार लावताना बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुचकळायची, हा साधा नियम. जो मशीनवाला शेजारी पाण्याचा डबा ठेवत नाही त्याच्याकडं कुऱ्हाड, कोयता, पटाशी काहीच देऊ नका, एवढं मी आता प्रत्येकाला सांगतो.

मामा म्हणाले परत पाणी द्यावं लागेल, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून धार कडक करावी लागेल, संध्याकाळी या, आत्ता उजेड फार आहे. मी म्हटलं मामा उजेडाचा काय संबंध. तर म्हणाले तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात खोटा दिसतो. म्हणून शेड अंधारी.

दिवेलागणीला गेलो. हे बघायला मिळालं म्हणून मी ह्या दुकानाला अर्धा स्टार जास्त देईन. भाता आता चामड्याचा नाहीये, छोटा ब्लोअर बसवलाय, पण भट्टी जमिनीतच आणि कोळसा. फक्त धारेचा पट्टा निखाऱ्यात, नेढं बाहेर. नेढं तापवायचं नाही, ते मऊच राहिलं पाहिजे, कडक झालं तर घाव घालताना तडकतं. पट्टा काळ्याचा तांबडा झाला, तांबड्याचा पिकलेल्या चेरीसारखा झाला, मामांनी तारेला बांधलेलं एक लोहचुंबक जवळ नेलं, चिकटलं नाही. म्हणजे झालं. ते चुंबक जुन्या स्पीकरचं आहे. सांडशीत धरून फक्त धार दोन बोटं पाण्यात, चर्र्र, पाच-सहा सेकंद, बाहेर. आणि लगेच दगडाच्या तुकड्यानं धारेवर घासून एक चकचकीत पट्टी केली आणि मला म्हणाले, "आता इकडं बघा, कुठं बघू नका."

वरच्या अंगात उरलेली धग हळूहळू धारेकडं उतरायला लागली आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग सरकायला लागले. आधी फिकट पिवळा, अगदी वाळलेल्या कडब्यासारखा, मग गर्द पिवळा, मग तपकिरी, आणि त्याच्या मागं मागं जांभळा येताना दिसत होता. धार तपकिरी झाली न झाली तोच अख्खं पातं पाण्यात. संपलं. अर्ध्या मिनिटाचा खेळ. जांभळा धारेपर्यंत पोचला असता तर धार मऊ, पिवळ्यावरच थांबवलं असतं तर धार कडक पण गाठीवर बसली की तुकडा उडणार. मामांनी हे कधी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण जे रंग त्यांनी सांगितले तेच रंग इंजिनीअरिंगच्या पुस्तकात तापमानासकट छापलेले असतात, माझ्या भाच्यानं डिप्लोमाच्या पुस्तकात काढून दाखवले.

आता दांडा. मला विचाराल तर खरं काम हेच, धार काय आज गेली तर उद्या लागते.

मी आधी विचारलं सागवान लावू का, माझ्याकडं एक चांगला तुकडा आहे. मामांनी सरळ नाही म्हटलं, सागवान दारा-खिडक्यांना, ते मार सोसत नाही. धावडा मिळाला तर त्याच्यासारखं लाकूड नाही पण आपल्या भागात कुठला आणायचा, मग आपली देशी बाभूळ, तिचा आतला तांबडा गाभा, वरचं पांढरं लाकूड नाही कारण त्याला कीड लागते. वर आढ्याला, बरोबर भट्टीच्या वर, पंधरा-वीस दांडके आडवे टाकलेले दिसले, धुरानं काळे झालेले. एक उन्हाळा आणि एक हिवाळा तिथं काढल्याशिवाय मामा दांडका खाली घेत नाहीत. माझं म्हणणं विचाराल तर ह्या दुकानाचं सगळं भांडवल म्हणजे ती आढ्यावरची लाकडं. बाजारात जे तयार दांडे मिळतात ते बरेचदा ओले असतात, दुकानात घट्ट बसतात आणि चैत्रात सैल होतात. मग लोक काय करतात तर रात्रभर कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवतात. आमच्या गावात सगळे हेच करतात, मी पण केलंय. लाकूड फुगतं, नेढं लोखंडाचं, त्याला जागा द्यायची नाही, मग लाकडाचे तंतू आतल्या आत चेपतात, आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा जास्त सैल. परत बुडवा. वर्षभरात दांडा गेला, आणि नेढ्याला आतून गंज तो वेगळा.

मामांनी एक दांडका काढला, त्याचं बूड मला दाखवलं. रेषा बघा म्हणाले. बुडावरच्या रेषा धारेच्या दिशेनं उभ्या पाहिजेत, आडव्या असल्या तर घावाला दांडा चिरतो. आणि दांडका करवतीनं कापलेला नव्हता, फोडून काढलेला होता, म्हणजे लाकडाची रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, मध्ये कुठं तुटलेली नाही. वाकसानं, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्यारानं, ढोबळ आकार, मग रंदा, मग जाड दातांची कानस. आकार गोल नाही, लांबट अंड्यासारखा, म्हणजे न बघता पण हाताला कळतं धार कुठल्या बाजूला आहे. बुडाला थोडी जाड गाठ ठेवली, घामाच्या हातातून निसटू नये म्हणून. लांबी माझ्या हाताला धरून मापली, २८ इंच आली. शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडला. सँडपेपर नाही, काच. काचेच्या धारेनं अशी पातळ पातळ साल निघत होती की फुंकर मारली तर उडत होती, आणि दांडा हाताला असा लागत होता जणू वीस वर्षं वापरलाय.

बसवताना नेढ्याला आतून काजळी लावली, दांडा घातला, काढला, जिथं जिथं काळं लागलं तिथं तिथं कानस, परत घातला, परत काढला. मी मोजत होतो, नऊ वेळा. मग वरच्या टोकाला पाचरेसाठी उभी चीर. आणि मग जे केलं ते मला माहीतच नव्हतं, कुऱ्हाड उलटी हातात अधांतरी धरली, पातं खाली लोंबतंय, दांड्याचं बूड वर, आणि बुडावर लाकडी मोगरीनं ठोकायला लागले. पातं खाली पडायला पाहिजे ना? ते उलट प्रत्येक ठोक्याला दांड्यावर वर वर चढत गेलं! पातं जड आहे, जागचं हलत नाही, दांडा त्याच्यात घुसतो, एवढंच आहे ते, पण डोळ्यानं बघताना खरं वाटत नाही. बसेपर्यंत ठोकलं, मग वाळलेल्या चिंचेच्या लाकडाची पाचर, तिच्यावर तिरकी एक लोखंडी पाचर, वरचं टोक नेढ्याच्या बाहेर अर्धा बोट ठेवून कापलं. शेवटी एक डोळा मिटून बुडाकडून बघितलं, धार आणि दांडा एका रेषेत. मला पण बघायला लावलं. वार्निश लावलं नाही, मी सांगितलं तरी नाही, वार्निशनं हाताला फोड येतात म्हणाले, आणि ते खरंच आहे.

तेलाचं काम माझ्याकडं दिलं. जवसाचं तेल, कच्चं, घाण्यावरचं, पहिला आठवडा रोज एक हात, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षातून एकदा. जवसाचं तेल हवेनं वाळून लाकडात घट्ट होतं, शेंगतेल तसं होत नाही, ते चिकट राहतं आणि वास मारतं. घरात करडईचं असेल तर चालतं, वाळायला वेळ लागतो फक्त. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. कडब्याच्या शेडजवळ तर हे फार महत्त्वाचं आहे.

पैसे. दांडा लाकडासकट २५०, पाणी देऊन धार २००, एकूण ४५०. नवी कुऱ्हाड तेवढ्यातच येते, मान्य, पण ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांना फरक सांगायला लागत नाही.

तक्रारी पण सांगतो, नाहीतर हा रिव्ह्यू अर्धवट होईल. सांगितलं होतं चार दिवसात, लागले सोळा दिवस. फोन उचलत नाहीत, उचलला तर "झालंय की, या" म्हणतात आणि गेल्यावर झालेलं नसतं. मी जुळे सोलापुरातून तीन हेलपाटे घातले, एकदा भर पावसात. मामांवर राग नाही माझा, पण जे ग्राहक लांबून येतात, मंगळवेढा-अक्कलकोटहून एसटीनं येतात, त्यांचा दिवस मोडतो, एवढा विचार व्हायला पाहिजे. दुसरं, धार कानशीची होती, खरबरीत, लाकूड फोडायला बरोबर पण मला फांद्या छाटायला बारीक पाहिजे होती, ती मी घरी दगडावर पाणी घालून अर्धा तास बसून काढली. आणि पात्याला म्यान किंवा कातड्याचा तुकडा काही देत नाहीत, मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा करून घेतला. गाडीवरून नेणार असाल तर गोणपाट घेऊनच जा.

खंडेनवमीला घरात सगळी हत्यारं पूजेला मांडतो आम्ही, विळा, कोयता, पाना, स्क्रू ड्रायव्हर, माझा लॅपटॉप पण. गेल्या वर्षी ही मधोमध होती. वडील काही बोलले नाहीत, नुसतं दांड्यावरून हात फिरवला आणि बुडाची गाठ दोनदा मुठीत धरून बघितली. मग म्हणाले आण्णांच्या दांड्याला पण अशीच गाठ होती. आण्णा म्हणजे माझे आज्जा.

वापर म्हणाल तर दिवाळीपासून बांधावरची वेडी बाभूळ काढायलोय, बऱ्यापैकी जाड बुंधे, आठवड्यातून एक दिवस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते बाभळीच्या दांड्यानं बाभूळ तोडताना दर वेळी आठवतं. धार महिन्यातून एकदा दगडावर लावतो, दुमडलेला कोपरा परत कधी दुमडला नाही. मार्चमध्ये एकदा घाव चुकून पातं खाली दगडावर बसलं, तिथं बारीक दाता पडला, ते माझंच, त्यात मामांचा काही दोष नाही. परवा भर उन्हात पातं हातात धरून दांडा गदागदा हलवून बघितला, नेढ्याजवळ कान लावून बघितला. काही नाही, गप्प.

एकंदर पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो हेलपाट्यांचा.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी जा, दुपारी भट्टी बंद असते. अमावस्येला दुकान बंद. यूपीआय आहे, नातवाच्या फोनवर येतं, तो शाळेत असला तर रोख लागतात. आणि दांडा करायचा असेल तर आत्ताच टाकून या, आढ्यावर मी नंतर मोजले तेव्हा सातच दांडके राहिले होते आणि पाऊस लागला की नवीन लाकूड वाळत नाही.